प्रोस्टेट वाढणं: दोष हार्मोनचा की एन्झाइमचा?

दुसरीपाळी (नाशिकरोड)

हा धागा दोन कारणांसाठी काढतोय. एक, मला जे काही कळलंय ते बरोबर आहे का, हे इथल्या जाणकारांनी तपासावं. दुसरं कारण शेवटी येईल, त्यासाठी जरा धीर गोळा करतोय.

आमचे बाबा प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यात येत नाही, नोटाच येतात. वय ७१. आयुष्यभर छापील शीटवरचा केसाएवढा दोष शोधायचं काम केलं, त्यामुळे घरातल्या भाजीचं मीठ असो की माझ्या सहीची रेघ, चूक त्यांच्या नजरेतून सुटत नाही. स्वतःच्या लघवीची धार बारीक झालेली मात्र त्यांनी चार वर्षं कुणाला कळू दिली नाही. आम्हाला कळलं ते पंचवटी एक्सप्रेसमुळे. मुंबईला आत्याकडे निघालो होतो. इगतपुरी यायच्या आत तीनदा उठले, आणि घाट उतरल्यावर तर जागेवर आलेच नाहीत. दाराशी उभे. ‘वारा लागतोय, बरं वाटतं,’ म्हणे.

मग युरोलॉजिस्ट. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी, ६२ ग्रॅम (तरुणपणी ती साधारण २० ग्रॅम असते, अक्रोडाएवढी). लघवी करून आल्यावरही मूत्राशयात ११० मिली शिल्लक. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात उतरणारं प्रथिन, वाढलं तर कॅन्सर नाही ना हे बघतात) ५.२. बोटाने तपासणी झाली, एमआरआय झाला, कॅन्सरसारखं काही दिसलं नाही. वयोमानाने होणारी साधी वाढ. रात्री घ्यायला दोन गोळ्या मिळाल्या: टॅम्सुलोसिन ०.४ आणि फिनास्टेराईड ५.

घरी येताना रिक्षात बाबांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “म्हणजे माझ्यात पुरुषी हार्मोन जास्त झालंय का रे?” आवाजात काळजी होती, पण खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

मलाही तसंच वाटलं होतं. पण हिशेब जुळेना. वय वाढतं तसं टेस्टोस्टेरॉन कमी होत जातं, हे तर सगळेच सांगतात. मग ते भरात असताना, पंचविशीत, प्रोस्टेट गप्प बसते आणि ओहोटी लागल्यावर वाढत सुटते, हे कसं?

वाचत गेलो तेव्हा उलगडलं की रक्तात हार्मोन किती आहे, हा प्रश्नच इथे अपुरा आहे. टेस्टोस्टेरॉन प्रोस्टेटच्या पेशीत शिरलं की तिथे त्याची गाठ एका एन्झाइमशी पडते. नाव ५-अल्फा रिडक्टेज. हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करतं, म्हणजे डीएचटी. बदल म्हणाल तर हायड्रोजनच्या दोन अणूंचा. पण डीएचटी पेशीतल्या रिसेप्टरला (हार्मोनचा निरोप घेणाऱ्या रेणूला) जास्त घट्ट धरतं आणि लवकर सोडत नाही. रक्तात टेस्टोस्टेरॉन डीएचटीच्या साधारण दहा पट असतं. प्रोस्टेटच्या आत नेमकं उलटं, तिथल्या पुरुषी हार्मोनपैकी जवळजवळ ९० टक्के डीएचटीच. म्हणजे माल बाहेरून येतो, पण त्याचं खरं मोल आत ठरतं. बाबांना त्यांच्या भाषेत सांगितलं, कागद तोच, छपाई झाली की किंमत बदलते. हे त्यांना पटलं. लगेच म्हणाले, “मग मशीन बंद करा.”

फिनास्टेराईड तेच करते. आणि ती कशी सुचली ती गोष्ट मला फार आवडली, म्हणून विषयांतर करतो. कॅरिबियन समुद्रात डोमिनिकन रिपब्लिक नावाचा देश आहे. तिथल्या सालिनास गावात काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची, मुली म्हणूनच वाढायची, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी त्यांचा आवाज फुटायचा, स्नायू भरायचे, लिंग वाढायचं. गावात कुणी दचकत नसे, अशा मुलांसाठी बोलीत शब्दच होता, ‘गेवेदोसेस’. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिनली या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९७४ साली त्यांच्यावर शोधनिबंध लिहिला. या मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, उणीव होती ती ५-अल्फा रिडक्टेजची. गर्भात बाहेरची पुरुष इंद्रियं घडायला डीएचटी लागतं, ते कमी पडलं. आणि मोठेपणी? प्रोस्टेट लहानशीच राहिली, टक्कल पडलं नाही. हे वाचून औषध कंपनीत कुणाच्या तरी डोक्यात दिवा लागला, आणि १९९२ साली अमेरिकेत फिनास्टेराईडला परवानगी मिळाली. कुठलं ते आडगाव आणि कुठे आमच्या नाशिकरोडच्या घरातला गोळ्यांचा डबा.

आता पुढचं. नऊ महिन्यांनी बाबांचा पीएसए आला २.६. लॅबच्या कागदावर ‘४ पर्यंत नॉर्मल’ छापलेलं. निम्म्यावर आला म्हणून आईने पेढे आणले. युरोलॉजिस्टनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “हा आकडा मी ५.२ च समजतो. फिनास्टेराईड घेताना पीएसए निम्मा होतोच, म्हणून दुपटीने वाचायचा.” पेढ्यांचं सोडा, पण हे फार महत्त्वाचं आहे, कारण यंदा आकडा ३.९ आला. कागदावर अजूनही नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले उत्तम. युरोलॉजिस्ट मात्र गंभीर झाले. या गोळीवर पीएसए एकदा खाली बसला की तो वर चढता कामा नये, चढला तर शोध घ्यायचा. पुन्हा एमआरआय लिहून दिला. आम्ही सगळे हादरलो.

एमआरआयच्या आदल्या दिवशी आई जुनी कागदपत्रं शोधत होती. बाबांना निरोप समारंभात मिळालेली ब्रीफकेस उघडली, तर आत फिनास्टेराईडच्या सात स्ट्रिप. न फोडलेल्या. अडीच महिने ते ती एकच गोळी बाजूला काढून ठेवत होते. दुसरी नेमाने घेत होते, म्हणून लघवीचा त्रास काही वाढला नव्हता आणि आम्हाला संशय आला नाही.

का बंद केली, हे मला सांगितलं नाही. आईला सांगितलं. आईने माझ्या बायकोला, बायकोने मला. अंथरुणातल्या गोष्टी पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत आणि ही ‘हार्मोनची गोळी’ आहे म्हणून. ७१ व्या वर्षी. मला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

तर दुसरं कारण हे. मी त्यांच्याशी बोलू कसा? आणि पीएसए वाढला तो गोळी सोडल्यामुळेच, असं धरून निवांत बसता येईल का?

---

विकरवेल्हाळ

छान लिहिलंय. शाळेत ‘विकर’ शिकवत होतो, त्याआधीच्या पुस्तकांत ‘वितंचक’ होतं, आणि मुलं दोन्ही वर्षं ‘एन्झाइम’च लिहायची. मी हार मानली आहे.

एक गंमत राहिली तुमच्याकडून. पीएसए हाही एन्झाइमच आहे. प्रथिनं तोडणारा. वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट असतं आणि मग पातळ होतं, ते याच्या करणीने. तो तयार करण्याचा हुकूम प्रोस्टेटच्या पेशींना पुरुषी हार्मोनकडूनच मिळतो. म्हणून एका एन्झाइमला कुलूप घातलं की दुसऱ्याचं उत्पादन निम्म्यावर येतं. लॅबच्या कागदाला हे ठाऊक नसतं, तुम्ही काय गिळता ते तो विचारत नाही.

आणि चित्र अजून थोडं गुंतागुंतीचं आहे. डीएचटी तयार करणारे आहेत तसे त्याची विल्हेवाट लावणारेही आहेत. एक एन्झाइम डीएचटीचं कमकुवत रूप करतं, मग यूजीटी घराण्यातली एन्झाइम त्याला साखरेची शेपटी जोडतात, की ते पाण्यात विरघळतं आणि लघवीतून निघून जातं. शिवाय ५-अल्फा रिडक्टेज हे एकटं नाही, भावंडं आहेत. पहिल्या प्रकारचं त्वचेत आणि यकृतात जास्त, दुसऱ्या प्रकारचं प्रोस्टेटमध्ये. सालिनासच्या मुलांत हे दुसरं बिघडलेलं होतं. फिनास्टेराईड मुख्यतः दुसऱ्यालाच अडवते, रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्के उतरतं. २००१ मध्ये आलेली डुटास्टेराईड दोघांना अडवते, तिच्याने ९० टक्क्यांच्या वर उतरतं.

---

निफाडी द्राक्ष

दादा, तुमचे वडील नशीबवान. माझ्या काकांची कथा ऐका. आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, बागेत पहाटे शेकोट्या पेटवून मणी वाचवावे लागतात. काकांना सर्दी झाली. मेडिकलवाल्याकडून सर्दीची गोळी आणली, नाव-बिव काही विचारलं नाही. दुपारी एक, रात्री एक. पहाटे तीनला ओटीपोट टम्म, आणि लघवीचा एक थेंब नाही. माणूस भिंतीला डोकं आपटायचा बाकी होता. पिकअपमध्ये गादी टाकून नाशिकला आणलं. नळी घातल्यावर पिशवीत सव्वा लिटर! नळी पडल्यावर काका त्या पोरगेल्या डॉक्टरच्या पाया पडायला निघाले होते.

डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, सर्दीची गोळी घेतली का?

---

मूत्रमार्गी

या विषयात काम करतो म्हणून जरा सविस्तर. समोर बसून तपासलेल्या डॉक्टरच्या शब्दापुढे इथल्या माझ्या लिहिण्याची किंमत शून्य, हे आधी.

निफाडी द्राक्ष, हिवाळ्यात असे पेशंट हमखास येतात. सर्दीच्या गोळीत नाक मोकळं करायला फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, ते प्रोस्टेटचा आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळतं. सोबतीला क्लोरफेनिरामिन असतं, ते मूत्राशयाचा जोर काढून घेतं. दार आवळलं आणि ढकलणारा थकला. त्यात थंडी.

आता दोन गोळ्या कशाला, यावर मी पेशंटना रविवार कारंजाचं उदाहरण देतो. रस्ता दोन कारणांनी तुंबतो. दुकानं पुढे सरकलेली असतात, आणि आडव्यातिडव्या गाड्या लागलेल्या असतात. टॅम्सुलोसिन म्हणजे शिट्टी वाजवणारा हवालदार. स्नायू सैल करतो, गाड्या हलतात, आठवड्याच्या आत फरक जाणवतो. पण दुकान तिथेच. फिनास्टेराईड म्हणजे अतिक्रमण हटाव मोहीम. सहा महिने ते वर्ष लागतं, आणि तेव्हा कुठे प्रोस्टेट २० ते २५ टक्के आक्रसते. मोहीम थांबली की काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. गोळी सोडल्यावर दोन आठवड्यांत डीएचटी मूळ पातळीला येतं आणि तीनेक महिन्यांत प्रोस्टेट जवळपास पूर्वीएवढी होते. तुमच्या वडिलांचा ३.९ या हिशेबात बसतो.

बसतो, म्हणून सोडून द्यायचा का? नाही. एमआरआय कराच, आणि काही आठवड्यांनी पीएसए परत बघा. गोळी बंद असताना तो जुन्या ५ च्या आसपास येऊन थांबला, तर जीव भांड्यात. पुढे जात राहिला तर वेगळा विचार. आणि युरोलॉजिस्टना त्या सात स्ट्रिपबद्दल सांगा. ते बिचारे दुपटीचा गुणाकार करून ७.८ मोजत बसलेत.

धागाकर्त्याची एक गोष्ट दुरुस्त करतो. डीएचटी हा एकटा गुन्हेगार नाही. ते नसेल तर प्रोस्टेट वाढत नाही, एवढं पक्कं. चीनच्या राजदरबारात खोजे, म्हणजे वृषणं काढलेले सेवक, असायचे. त्यांच्यातल्या हयात असलेल्या २६ जणांना १९६० मध्ये बीजिंगच्या डॉक्टरांनी तपासलं, तर बहुतेकांची प्रोस्टेट बोटाला लागलीच नाही. पण डीएचटी आहे म्हणून प्रत्येकाची वाढतेच असं नाही, आणि प्रोस्टेट मोठी तेवढा त्रास मोठा असंही नाही. ३० ग्रॅमवाला रात्रभर जागा असतो आणि ९० ग्रॅमवाला घोरत पडलेला असतो. वाढ होते ती मूत्रनलिकेला लागून असलेल्या आतल्या भागात, कॅन्सर बहुधा बाहेरच्या भागात. म्हणून साधी वाढ पुढे कॅन्सर ‘होते’ ही समजूत चुकीची. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, ही गोष्ट निराळी.

दोन्ही गोळ्या एकत्र का, याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत ३०४७ पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षं चाललेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात टॅम्सुलोसिनऐवजी त्याच गटातलं (अल्फा-ब्लॉकर, म्हणजे स्नायू सैल करणारं) डॉक्साझोसिन होतं. आजार बळावण्याचा धोका एकट्या फिनास्टेराईडने ३४ टक्के कमी झाला, एकट्या डॉक्साझोसिनने ३९, दोन्ही मिळून ६६.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वडिलांना नेमकं काय होतंय, हे कुणी विचारलं का? ‘पहिल्यासारखं नाही’ म्हणजे इच्छा नाही, ताठरता नाही, की सगळं होऊन शेवटी वीर्य येत नाही? इच्छा आणि ताठरतेच्या तक्रारी फिनास्टेराईडकडे बोट दाखवतात, त्याही थोड्याच लोकांना होतात. वीर्य न येणं हे बहुतेक वेळा टॅम्सुलोसिनचं काम. मूत्राशयाचं तोंड सैल पडतं आणि वीर्य मागे वळतं, किंवा फार थोडं येतं. अपाय नाही, पण सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो. तसं असेल, तर तुमच्या वडिलांनी भलतीच गोळी ब्रीफकेसमध्ये ठेवली.

---

वैद्य गोखरू

सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या (लघवी अडण्याच्या) प्रकारांत ‘वाताष्ठीला’ सांगितली आहे. दगडासारखी घट्ट गाठ, मूत्र आणि मळ दोन्ही अडवणारी. म्हणजे आपल्याकडे हे नवीन नाही. गोखरू, वरुण, कांचनार यांचा विचार व्हावा. परदेशी सॉ पामेटो या झुडपाच्या फळांचा अर्क ५-अल्फा रिडक्टेजच रोखतो म्हणून विकला जातो, मग आपल्या वनस्पतींनी काय पाप केलं?

---

मूत्रमार्गी

वैद्यराज, वाताष्ठीलेचं वर्णन मलाही विलक्षण वाटतं, त्यात वाद नाही. सॉ पामेटोचं मात्र उदाहरण घेऊ नका. काचेच्या नळीत ते एन्झाइम रोखतं, माणसात लक्षणांना उपयोग होत नाही. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर, आणि २०११ मध्ये तिप्पट डोसपर्यंत नेऊन पाहिलं. दोन्हीकडे खोट्या गोळीइतकाच परिणाम. पेशंटने गोखरू घ्यायचा तर घ्यावा, पण मला सांगून घ्यावा, आणि उरलेली लघवी दर काही महिन्यांनी सोनोग्राफीत मोजू द्या. काहींना मूत्राशय भरलेलाच राहतो, दुखत नाही, आणि दाब किडनीपर्यंत जातो. अशा माणसाला ‘बरं वाटतंय’ यावर सोडता येत नाही.

---

लॅब्राडोरची आई

विनोद नाही, पण आमच्या शेरूला हेच झालं होतं. वय नऊ. माणसाशिवाय कुत्र्यातही ही वाढ आपोआप होते म्हणे. फरक असा की कुत्र्याची प्रोस्टेट मागे गुदाशयावर दाबते, म्हणून त्याला लघवीपेक्षा शी करताना त्रास होतो. आम्ही आठवडाभर दही-भात घालत होतो. व्हेटनी वृषणं काढायला सांगितली, दीड महिन्यात आटोक्यात. आमचे हे तेव्हापासून शेरूच्या नजरेला नजर देत नाहीत.

---

केसमुकुट

एक मिनिट. मी ३४ वर्षांचा, इंदिरानगर. केसांसाठी दोन वर्षं फिनास्टेराईड १ मिलिग्रॅम घेतोय. ही तीच?? आणि मी मागच्याच महिन्यात रक्तदान केलंय.

---

विकरवेल्हाळ

तीच. केसांसाठी १९९७ मध्ये परवानगी मिळाली. सालिनासच्या टक्कल न पडणाऱ्यांना धन्यवाद द्या. रक्तदान मात्र करायचं नाही. फिनास्टेराईड बंद केल्यावर महिनाभर, आणि डुटास्टेराईड असेल तर सहा महिने थांबायचं, कारण ती महिनोन्‌महिने शरीरात रेंगाळते. तुमचं रक्त गरोदर बाईला चढलं आणि पोटातला मुलगा असला, तर त्याच्या इंद्रियांच्या घडणीत अडथळा येऊ शकतो. रक्तपेढीला फोन करून सांगा, आजच. घरात कुणी गरोदर असेल तर फुटलेली गोळी किंवा गळकी कॅप्सूल तिच्या हाताला लागू देऊ नका. आणि चाळिशीनंतर कधी पीएसए केलात तर ही गोळी आठवणीने सांगा, १ मिलिग्रॅमनेही तो उतरतो.

---

केसमुकुट

फोन केला. त्यांनी नोंद घेतली आणि आभार मानले. रक्तदानाच्या फॉर्मवर औषधांचा रकाना होता, मी ‘नाही’ लिहिलं होतं. केसांची गोळी म्हणजे औषध असं डोक्यातच आलं नाही.

---

अनसूया

धागाकर्ते, तुम्हाला हसू आलं ते आधी लिहिलंत आणि लाज नंतर, हे प्रामाणिक आहे. मी तुमच्या आईच्या बाजूने लिहिते. आमच्या घरीही ह्यांना ही गोळी होती. दोघं वेगवेगळ्या खोलीत झोपायला लागलो, कारण ह्यांना रात्री पाच वेळा उठायचं आणि माझी झोप मोडायची. गोळीने उठणं कमी झालं तेव्हा परत एका खोलीत आलो, आणि मग दुसरी अडचण. डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून हे आधी सांगितलं असतं तर निम्मं दुःख वाचलं असतं. तुमच्या वडिलांशी तुम्ही बोलू नका. ते तुमच्यापाशी बोलणार नाहीत. डॉक्टरला बोलू द्या आणि तुम्ही बाहेर थांबा.

एक शंका आहे. पोट सुटलं की पुरुषात बायकी हार्मोन वाढतं, त्यानेही प्रोस्टेट वाढते, असं जॉगिंग ट्रॅकवर ऐकलं. खरं का?

---

मूत्रमार्गी

अर्धं खरं. चरबीत ॲरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. वयासोबत पुरुषी हार्मोन उतरतं आणि इस्ट्रोजेन तेवढं उतरत नाही, म्हणून पारडं झुकतं. कुत्र्यांत दोन्ही हार्मोन एकत्र दिली की प्रोस्टेट जास्त वाढते (शेरूला नमस्कार). या तर्कावर ॲरोमाटेज रोखणारं ॲटामेस्टेन माणसांवर वापरून पाहिलं, प्रोस्टेटला उपयोग झाला नाही. पोट कमी कराच, पण ॲरोमाटेजसाठी नाही, डायबेटिस आणि बीपीसाठी.

आठवलं म्हणून. टॅम्सुलोसिन घेणाऱ्या किंवा कधीकाळी घेतलेल्या माणसाने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या डॉक्टरला सांगायलाच हवं. बुबुळ लुळं पडतं आणि ऑपरेशन अवघड होतं. आधी कळलं तर ते तयारीत राहतात.

---

तिरसट आजोबा

वय ७६, सिडको. मी इथे सहसा राजकारणावरच भांडतो. पण लिहितो. मीही गोळी सोडली होती, त्याच कारणाने, आणि कुणाला सांगितलं नाही. मुलगा डॉक्टर आहे तरी नाही. त्याला काय सांगणार? ह्या वयात असलं काही असतं हेच मुलांना मान्य नसतं. नंतर नळी लागली, दोन वेळा. मग दुर्बिणीतून ऑपरेशन केलं. आता धार चांगली आहे. बाकीचं विचारू नका. पण विचारून केलं असतं तर बरं झालं असतं. बाबांना सांगा, सिडकोतल्या एका म्हाताऱ्याने नमस्कार सांगितलाय.

---

दुसरीपाळी

उशीर झाला, माफ करा. पाच आठवडे गेले.

एमआरआयमध्ये संशयास्पद काही नाही. मध्ये पीएसए परत केला, गोळी बंदच होती, ५.१ आला. मूत्रमार्गी म्हणाले तसं जुन्या जागी जाऊन थांबला. युरोलॉजिस्टना मी आधीच फोन करून सात स्ट्रिपची गोष्ट सांगून ठेवली होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाबांना आणि आईंना आणा. तुम्ही आलात तरी चालेल, बाहेर बसायला.”

अनसूयाताई, बाहेर बसलो. पंचवीस मिनिटं. आत काय झालं ते मला आजही ठाऊक नाही. आतून एकदा आईचा हसण्याचा आवाज आला, एवढंच. प्रिस्क्रिप्शन हातात आलं तेव्हा त्यावर टॅम्सुलोसिन खोडलेलं, त्याऐवजी त्याच गटातली अल्फुझोसिन. फिनास्टेराईड पूर्ववत. म्हणजे भलतीच गोळी ब्रीफकेसमध्ये गेली होती. अडीच महिने ती सोडूनही काही सुधारेना, तेव्हा बाबांनी वयाला दोष देऊन विषय संपवला असणार.

तिरसट आजोबांचा नमस्कार पोचवला. बाबांनी विचारलं, “प्रेसमधले का?” नाही म्हटल्यावर जरा हिरमुसले.

पुढचा पीएसए सहा महिन्यांनी. काल त्यांची फाइल बघितली. सगळे रिपोर्ट तारखेने लावलेत. २.६ च्या कागदावर, लॅबने छापलेल्या ‘नॉर्मल’ वर, लाल शाईने काट मारली आहे आणि शेजारी त्यांच्या प्रूफ तपासायच्या बारीक अक्षरात लिहिलंय: ‘× २’.